खाऊचे पैसे, विजेचं मीटर आणि चंद्रपूरचा कोळसा

भाऊबीजेची ओवाळणी, सुट्टीत आजोबांनी हातावर ठेवलेली नोट, चित्रकला स्पर्धेचं बक्षीस असं करत करत सातवी-आठवीतल्या मुलाकडे वर्षाला हजार-दोन हजार रुपये सहज साठतात. शाळेत हवामान बदलाचा धडा होतो आणि एखादा मुलगा किंवा मुलगी घरी येऊन विचारते, या पैशांतून मी काय करू? मोठ्यांची उत्तरं ठरलेली असतात. झाड लाव, कापडी पिशवी घे, बांबूचा ब्रश घे, बी लावलेली ती पेन्सिल मिळते ना, ती घे.

यात वाईट काहीच नाही. पण कार्बनच्या हिशेबात या बहुतेक वस्तू चिल्लर आहेत. मोठी नोट घरच्या वीजबिलात, स्कूटरच्या टाकीत आणि शाळेच्या खर्चात दडलेली असते. तिथे मुलांचा हात पोचत नाही असं आपण धरून चालतो. तो कसा पोचतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडं पायाभूत. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेत शेकडो वर्षं रेंगाळतो आणि उष्णता धरून ठेवतो. २०२४ हे जगातलं आजवर नोंदलेलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, आणि भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये तेच सर्वांत उष्ण होतं. आपल्या देशात साधारण तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर तयार होते. महाराष्ट्रातलं उदाहरण घ्यायचं तर चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. कोयनेची पाण्यावरची वीज आहे, पवनचक्क्या आहेत, सौर प्रकल्प वाढताहेत, हे सगळं धरूनही देशभराची सरासरी काढली तर एक युनिट विजेमागे (हजार वॅटचं उपकरण तासभर चालवायला लागते तेवढी वीज) सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा ७०० ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा, पुढचे बरेच हिशेब त्यावरच आहेत.

प्रत्येक रुपयाचा धूर सारखा नसतो

आपण खर्च केलेल्या जवळपास प्रत्येक रुपयामागे कुठेतरी काहीतरी जळलेलं असतं. मात्र किती, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विजेचा एक युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात सगळे आकार धरून सहा-सात रुपयांना पडतो. म्हणजे एका रुपयामागे साधारण १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड (पुढे सोयीसाठी नुसतं ‘कार्बन’ म्हटलं तरी तोच). घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर जळला की चाळीस-बेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे रुपयामागे पन्नास ग्रॅमच्या आसपास. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो, म्हणजे रुपयामागे बावीस-तेवीस ग्रॅम. आणि केस कापले, तबल्याच्या क्लासची फी भरली, गावच्या नाटकाचं तिकीट काढलं, तर रुपयामागे जवळपास नगण्य.

पेट्रोलचा आकडा विजेपेक्षा कमी दिसतो म्हणून पेट्रोल चांगलं ठरत नाही. त्याच्या किमतीत कराचा वाटा मोठा आहे, त्यामुळे रुपये जास्त जातात आणि भागाकार कमी येतो, एवढंच. पण या उदाहरणातून एक गोष्ट कळते. तबल्याच्या क्लासवर महिन्याला सहाशे रुपये जातात म्हणून ‘उधळपट्टी’ म्हणणारे काका आणि गीझर तासभर चालू ठेवणारे काका बऱ्याचदा एकच असतात. हवामानाच्या दृष्टीने पैसे शहाणपणाने वापरायचे म्हणजे कंजूषपणा करायचा असं नाही. रुपया कुठे गेला की धूर जास्त निघतो ते ओळखायचं आणि तिथला खर्च कमी करायचा. शिकण्यावर, खेळण्यावर, दुरुस्तीवर, कुणाच्या तरी कष्टांवर केलेला खर्च बहुधा ‘हलका’ असतो. जाळण्यावर आणि नवीन वस्तू बनवण्यावर केलेला खर्च ‘जड’ असतो.

मीटरचा लाल दिवा

विजेचं मीटर हे घरातलं सर्वांत दुर्लक्षित खेळणं आहे. डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी किंवा खाली इंग्रजीत एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा वेगळा. अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली.

आता रविवारी दुपारी, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, मीटरसमोर उभं राहायचं. सोसायटीत मीटर तळमजल्यावर असतात, तेव्हा एकाने खाली आणि एकाने वर, फोनवर बोलत. मीटरला किंवा वायरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रीजसुद्धा पाच मिनिटांसाठी. मग एकच पंखा लावायचा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. ३२०० वाल्या मीटरवर एका मिनिटातल्या लुकलुकींना १८.७५ ने गुणलं की वॅट मिळतात. साधा जुना पंखा मिनिटाला चार वेळा लुकलुकवतो, म्हणजे ७५ वॅट. ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला तर दोन मिनिटांत जेमतेम एकदा. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब कुठे देवघरात उरला असेल तर मिनिटाला तीन वेळा. सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा डबा, टीव्ही बंद असतानाही, मिळून मिनिटाला एखादी लुकलुक खातात.

मग गीझर लावा. दोन हजार वॅटचा गीझर मिनिटाला शंभरावर लुकलुकतो. मोजता मोजता नजर हरते. अर्धा तास गीझर म्हणजे एक युनिट, म्हणजे ७०० ग्रॅम. दीड टनाच्या एसीचंही असंच, कॉम्प्रेसर चालू असताना मिनिटाला सत्तर-ऐंशी.

मुलांना हे करून दाखवल्यावर ‘वीज वाचवा’ची पोस्टर चिकटवावी लागत नाहीत. कशाला किती लागतं हे डोळ्यांनी दिसतं, आणि मोबाइलचा चार्जर प्लगमध्ये राहिला म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलालाही कळतं की त्या चार्जरपेक्षा बाबांचं पंधरा मिनिटांचं जास्तीचं गरम पाणी कितीतरी भारी आहे. (हे ज्ञान घरात जपून वापरावं.)

बिल वाचायची एक युक्ती

महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. मुलांनी त्यातली एकच गोष्ट पक्की समजून घ्यावी: टप्पे. घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी. १०१ ते ३०० युनिटांचा वीज आकार त्याच्या जवळपास दुप्पट. त्यापुढे आणखी चढा. मुंबईत बेस्ट किंवा दुसऱ्या कंपन्यांची वीज असली तरी रचना अशीच टप्प्यांची आहे.

समजा तुमच्या घरी महिन्याला १३० युनिट लागतात. पहिले १०० स्वस्त दराने, वरचे ३० महाग दराने. आता १५ युनिट वाचवले तर ते कुठून कमी होतात? वरच्या, महाग टप्प्यातून. बचत नेहमी महाग बाजूने सुरू होते. त्यामुळे युनिट साडेअकरा टक्के कमी झाले तरी रुपये त्याहून जास्त टक्क्यांनी कमी होतात. आठवीतल्या मुलांना टक्केवारी शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही, नफा-तोट्याच्या त्या आंब्यांच्या पेट्यांपेक्षा तर नक्कीच.

‘अजून चालतोय की!’

घरात मूल म्हणतं, “बाबा, हॉलमधला पंखा बदलूया का?” आणि उत्तर येतं, “का? अजून चालतोय की!”

बाबांचं म्हणणं वरवर पर्यावरणाचंच वाटतं. चालणारी वस्तू फेकू नये. पण हा नियम काही वस्तूंना लागू आहे, काहींना नाही, आणि कुठल्या कुठे ते कळण्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: या वस्तूचा कार्बन ती बनताना जास्त लागतो की ती वापरताना?

मोबाइलचं बघा. तो चार्ज करायला वर्षभरात अगदी थोडी वीज लागते. पण त्यातले धातू खणून काढणं, चिप बनवणं, जोडणी, वाहतूक यातच त्याच्या आयुष्यातला बहुतेक कार्बन खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून मोबाइलच्या बाबतीत ‘अजून चालतोय की’ हे शंभर नंबरी उत्तर आहे. बॅटरी उतरली असेल तर बॅटरी बदला, काच फुटली तर काच. दप्तर, कंपास पेटी, पाण्याची बाटली, कपडे, बूट, खुर्ची, सगळं याच गटातलं. नवं घेणं दोन वर्षं लांबवलं की ते कमाईसारखंच आहे.

पंख्याचं उलटं. तो बनवताना लागलेला कार्बन थोडा, आणि मग तो दहा-पंधरा वर्षं रोज बारा-बारा तास फिरत वीज पितो. नव्या प्रकारच्या, बीएलडीसी मोटरच्या पंख्याला साधारण ३० वॅट लागतात, जुन्याला ७५. फरक ४५ वॅटचा. रोज बारा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर १६२ युनिट वाचतात. गुणिले ७०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ११० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. आणि पैसे? तुमचं बिल शंभर युनिटांच्या वर जात असेल तर वर्षाला दीड-पावणेदोन हजार. शंभराच्या आतच असेल तर हजारभर. असा पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो, म्हणजे दोन ते तीन वर्षांत तो स्वतःची किंमत परत करतो आणि पुढे वर्षानुवर्षं कमावत राहतो.

इथे त्या साठवलेल्या हजार रुपयांचा खरा उपयोग आहे. “पंखा घ्या” म्हणणाऱ्या मुलाचं कुणी ऐकत नाही, पण “माझे हजार रुपये घ्या, उरलेले तुम्ही घाला, आणि बिलात जेवढे कमी होतील त्यातले निम्मे वर्षभर मला द्या” म्हणणाऱ्या मुलीचं ऐकावं लागतं. ती भागीदारी मागतेय.

दोन व्यवहारी सूचना. बदलायचा तो सर्वांत जास्त फिरणारा पंखा, पाहुण्यांच्या खोलीतला नाही, तिथे पैसे वसूल व्हायला जन्म जाईल. आणि या पंख्यांना रिमोट असतो, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर त्यांना चालत नाही, तो काढावा लागतो. वायरमनला आधीच सांगा, नाहीतर पंखा घुंई करत बसेल आणि दोष नव्या तंत्रज्ञानाला जाईल. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा बचतीचे तारे लावणं सक्तीचं झालंय, तेव्हा दुकानात मुलांना पुढे करून तारे आणि वॅट वाचायला लावा.

बल्बच्या बाबतीत ही लढाई आपण बऱ्यापैकी जिंकलेली आहे, आणि ती कशी जिंकली हे सांगण्यासारखं आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारला एक एलईडी बल्ब घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडत होता. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, कोट्यवधी बल्ब एकदम विकत घेतले गेले आणि २०१६ मध्ये तोच दर ३८ रुपयांवर आला. आजवर ३६ कोटींहून जास्त बल्ब या योजनेतून वाटले गेलेत. एका घराने एक बल्ब घेतला तर बाजार ढिम्म हलत नाही. एकदम घेतले की कारखान्याचं गणितच बदलतं. शाळेने मिळून खरेदी करण्यात हेच बळ आहे, त्याकडे येतोच.

हिरव्या वस्तूंचा बाजार

आता ती पिशवी आणि पेन्सिल. कापडी पिशवी प्लॅस्टिकपेक्षा चांगली, हे अर्धंच खरं आहे. कापूस पिकवायला पाणी, खत, वीज लागते, कापड विणायला-रंगवायला लागते. डेन्मार्कच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता. त्यानुसार फक्त हवामानाचा विचार केला तरी नवी सुती पिशवी पन्नासच्या वर वेळा वापरली तर ती एका साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. जुन्या पँटची किंवा आईच्या फाटलेल्या साडीची शिवलेली पिशवी मात्र पहिल्याच दिवसापासून नफ्यात, कारण ते कापड आधीच बनलेलं आहे. आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमात ‘पर्यावरणपूरक’ म्हणून छापील कापडी पिशव्या वाटायची पद्धत पडलीय. घरात पंधरा पिशव्या साठल्या असतील तर सोळावी नम्रपणे नाकारणं हेच पर्यावरणाचं काम.

इथे एक गोंधळ सोडवायला हवा. कचरा, हवेचं प्रदूषण आणि हवामान बदल ही तीन भावंडं आहेत, एकच व्यक्ती नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली ती नाले तुंबणं, जनावरांच्या पोटात पिशव्या जाणं यासाठी, आणि ते योग्यच होतं. फटाके सोडू नयेत ते धुरासाठी, आवाजासाठी. पण स्ट्रॉ नको म्हटल्याने तापमान वाढायचं थांबेल असं मुलांना सांगितलं, तर पुढे मोठं झाल्यावर ती आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

झाडाचंही तसंच. पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीसएक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. रोप तेवढं मोठं व्हायला अनेक वर्षं जातात आणि मे महिन्यात पाणी घालणारं कुणी नसेल तर ते होतच नाही. वरच्या एका पंख्याची वर्षाची बचत म्हणजे अशी पाच-सहा मोठी झाडं. म्हणून झाड लावू नका असं नाही. सावली, पाखरं, चिंचा, दुपारी शाळेच्या भिंतीवर न पडणारं ऊन, यासाठी लावा. झाड लावायला कार्बनचं कारण लागत नाही. फक्त पंधरा ऑगस्टला रोप लावून फोटो काढला म्हणजे वर्षाचा हिशेब मिटला, असं समजू नये.

वह्यांवर मात्र थांबायला हवं, कारण तो मुलांच्या अगदी हातातला खर्च आहे. वर्ष संपताना जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून, शिवून, रफ वही करायची पद्धत आपल्याकडे होती आणि अजून बऱ्याच घरांत आहे. वरच्या वर्गातल्या ताईची पुस्तकं खाली यायची. रद्दी विकून आलेले पैसे मुलांचे, असाही अलिखित करार असायचा. हे सगळं गरिबीचं लक्षण म्हणून सोडून देण्याची घाई झाली. लिहिलेली वही रद्दीवाल्याला दिली तर तिचा कागद पुन्हा होतो, ओल्या कचऱ्यात मिसळली तर ती क्षेपणभूमीवर कुजते आणि मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट उष्णता धरतो. डब्यातली टाकून दिलेली पोळी-भाजीही तिथेच जाते.

शाळेत जायचा खर्च

शाळा चार किलोमीटरवर आहे, आई किंवा बाबा स्कूटरवर सोडतात, परत येतात, दुपारी पुन्हा तेच. रोजचे सोळा किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस धरले तर साडेतीनशे मिली पेट्रोल, वर्षातल्या दोनशेवीस शाळेच्या दिवसांत पंचाहत्तर-ऐंशी लिटर. म्हणजे आठ हजारांच्या आसपास रुपये आणि पावणेदोनशे किलो कार्बन. बरी सायकल एवढ्यात येते.

पण हा हिशेब कागदावर सोपा आणि रस्त्यावर अवघड आहे. डंपरच्या शेजारून सातवीतल्या मुलीने सायकल चालवावी असं कुठल्या तोंडाने सांगायचं? जिथे रस्ता बरा आहे तिथे सायकल. जिथे नाही तिथे एसटी किंवा शाळेची बस. एसटीच्या विद्यार्थी पासात भाड्याचा दोन तृतीयांश भाग माफ असतो, आणि मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट मिळतो. एसटी आपल्यासाठी जादा धावत नाही, ती तशीही जाणारच असते. तिच्यात चढलेल्या एका मुलीचा वाढीव कार्बन जवळपास शून्य. हे दोन्ही जमत नसेल तर शेजारच्या तीन मुलांच्या पालकांनी पाळी लावून घ्यावी.

कमी वापरणाऱ्याने आणखी कमी करू नये

हे स्पष्ट लिहायला हवं. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे, अमेरिकेची सातपट. आणि आपल्यातही सगळे सारखे नाहीत. ज्या घरात एक पंखा, दोन बल्ब आणि महिन्याला चाळीस युनिट लागतात, तिथल्या मुलाने काहीही कमी करायचं नाही. त्या घराला उलट जास्त वीज, फ्रीज, अभ्यासाला बरा दिवा मिळायला हवा. वर्गात ‘कुणी किती वाचवलं’ अशी स्पर्धा लावणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं. ज्याच्याकडे एसी आहे त्यालाच एसी कमी लावल्याचं बक्षीस मिळतं, आणि ज्याच्याकडे तो नाहीच, तो रिकाम्या हाताने बसतो.

साठवलेले पैसे कुठे झोपतात?

डब्यातले पैसे बँकेत टाकले की ते तिथे पडून राहत नाहीत. बँक ते कर्जाऊ देते. कुणाला? घर घेणाऱ्याला, शेतकऱ्याला, पवनचक्कीवाल्याला, आणि कोळशाच्या खाणीलाही. मुलांना ही गोष्ट सांगितली की बँक हा विषय एकदम जिवंत होतो.

दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने ही मुभा २०१४ मध्येच दिली आहे. त्याच रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून ‘हरित ठेवी’ची नियमावली लागू केली. या ठेवींतला पैसा सौर-पवन ऊर्जा, ऊर्जा बचत, सार्वजनिक वाहतूक, पाणी व्यवस्थापन अशा कामांनाच द्यायचा. कोळसा-तेलाचं उत्खनन, तंबाखू, शस्त्रं, इतकंच काय, २५ मेगावॅटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्पही यातून वगळलेत. पैसा खरंच तिथे गेला का, याची दरवर्षी त्रयस्थ तपासणी करून घ्यावी लागते.

स्टेट बँकेने जानेवारी २०२४ मध्ये अशी ठेव आणली तेव्हा मुदती होत्या १,१११, १,७७७ आणि २,२२२ दिवसांच्या. २,२२२ दिवस म्हणजे सहा वर्षं आणि महिनाभर. बाराव्या वाढदिवसाला ठेवलेली ठेव अठरावं संपता संपता नव्हे, तर अठरा पूर्ण झाल्या झाल्या हातात येते! व्याज मात्र नेहमीच्या ठेवीपेक्षा किंचित कमी होतं. तो थोडा तोटा सोसायचा की नाही, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्यावा. माझं मत विचाराल तर, पाच हजार रुपये आधी पंख्यात घालावेत आणि मग उरले तर ठेवीत. पंखा जो परतावा देतो तो कुठलीच बँक देत नाही. सध्या कुठल्या बँकेत कुठली हरित मुदत चालू आहे ते शाखेत जाऊन विचारायचं, तेही मुलांनीच. काउंटरवरच्या माणसाला ते माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो विचारून सांगेल हाच निम्मा फायदा.

मोठी माणसं याच्या पुढे जाऊ शकतात. इंदूर महापालिकेला नर्मदेचं पाणी दूरवरून, चढावर पंपाने आणावं लागतं आणि त्याचं वीजबिल प्रचंड येतं. पालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित कर्जरोखे काढून सामान्य लोकांकडून पैसे उचलले, २४४ कोटी रुपये, ८.२५ टक्के व्याजाने, ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. पालिकेने मागितल्यापेक्षा लोकांनी कितीतरी जास्त पैसे देऊ केले. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले. नळाचं पाणी, वीज आणि आजोबांची बचत एकाच धाग्यात कशी येते, हे समजावायला इंदूरची गोष्ट फार चांगली आहे.

शाळेची तिजोरी

एका मुलाचे हजार रुपये आणि शाळेचा वर्षाचा खर्च यांची तुलनाच नाही. स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स, दोन दिवसांत कपाटावर जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या ट्रॉफ्या, पाहुण्यांना शाल-नारळाबरोबर दिलेली ती फ्रेम. यातलं काय नको हे विद्यार्थी प्रतिनिधींनी नुसतं विचारलं तरी पैसे मोकळे होतात.

ते कुठे घालायचे? बहुतेक शाळांना छतावर सौर पॅनेल हवे असतात, कारण ते दिसतात, उद्घाटन करता येतं. पण क्रम चुकतो. दहा वर्ग, प्रत्येकी चार पंखे, सहा तास: जुन्या पंख्यांना रोज अठरा युनिट लागतात, नव्यांना सातच्या थोडे वर. छतावरचा एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो. म्हणजे जुन्या पंख्यांसाठी साडेचार किलोवॅटचे पॅनेल, नव्यांसाठी दोनपेक्षाही कमी. पॅनेलचा दर किलोवॅटला पन्नास-साठ हजार धरला तर वाचलेल्या अडीच-पावणेतीन किलोवॅटच्या पैशांत चाळीसच्या चाळीस पंखे बसतात आणि वर काही उरतात. आधी पंखे, मग पॅनेल. वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या आपण वाचतो, तिथे तर हा हिशेब हवामानाच्याही आधी वर्ग चालू ठेवण्यासाठी लागतो.

घराच्या छतासाठी केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीन किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान. आईबाबा त्याची चौकशी करत असतील तर त्यांनाही हाच क्रम सांगावा.

वाचलेल्या पैशांचं काय होतं, हा भाग सगळे विसरतात. बिल कमी आलं म्हणून बेडरूमला दुसरा एसी घेतला, तर केलेली बचत एका उन्हाळ्यात वाहून जाते. वाचलेल्या पैशांची वाट आधीच ठरवून ठेवलेली बरी: पुढचा पंखा, सायकलची दुरुस्ती, नाहीतर सरळ तबल्याची फी. त्यासाठी बिलांची फाइल मुलांच्या ताब्यात द्या. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची, मे ची मे शी, डिसेंबरची डिसेंबरशी. आणि आकडा वाढलेला दिसला तर आरोप करण्याआधी त्या महिन्यात घरी किती पाहुणे मुक्कामाला होते, ते आजीला विचारून घ्यायचं.